तीन महिन्यांच्या शुगरचं पॅकेज: हिमोग्लोबिन बघितल्याशिवाय घेऊ नका

लातूर, नांदेड, परभणीच्या लॅबमध्ये ‘शुगर पॅकेज’ म्हणून जे मिळतं, त्यात मुख्य तपासणी असते एचबीए१सी, आपल्या बोलीत तीन महिन्यांची शुगर. तिला उपाशी यावं लागत नाही, ही सोय खरी. हिमोग्लोबिन १३-१४ असलेल्याला पॅकेज चांगलंच आहे. आठ-नऊवर असलेल्या बाईला मात्र हाच आकडा चकवतो, आणि अशा बाया आपल्याकडे घरोघरी आहेत.

तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. तेवढ्या काळात हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, ते ही तपासणी मोजते. लोह कमी पडलं की नव्या पेशी कमी तयार होतात, रक्तात जुन्यांचं प्रमाण वाढतं आणि शुगर न वाढताही आकडा चढतो. ५.७ ते ६.४ म्हणजे काठावर, ६.५ पासून मधुमेह; त्यामुळे थोडी चढसुद्धा माणसाला पलीकडे ढकलते. बी१२ आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या कमतरतेतही असंच होतं. माळकरी घरात दूध-दही बेताचंच असेल तर बी१२चा संशय आधी घ्यावा. शुगरसाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तरी बी१२ उतरतं.

उलटा घोळ औषध सुरू झाल्यावर. लोहाच्या गोळ्या किंवा बी१२ची इंजेक्शनं लागू पडली की ताज्या पेशींची भर पडते आणि आकडा खाली येतो. शुगर आटोक्यात आली म्हणून पेढे वाटायची ही वेळ नव्हे. हिमोग्लोबिन जागेवर आल्यावर तीनेक महिने जाऊ द्या, मग परत तपासा.

म्हणून सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची साधी तपासणी, नसलेलं पॅकेज आम्ही सुचवणार नाही. रिपोर्टात हिमोग्लोबिनखाली एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार, बघा: ८०च्या खाली असेल तर बहुधा लोह कमी (थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाचे वाहकही इथेच सापडतात), १००च्या वर असेल तर बी१२ किंवा फॉलिकची शंका. लोह आणि बी१२ दोन्ही कमी असतील तर एमसीव्ही साळसूदपणे ९० दाखवतो; तिथे वाढलेला आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारातला लहानमोठेपणा, चोरी पकडून देतो.

रक्त कमी असेल तर निदान उपाशीपोटीच्या शुगरवर करावं: आठ तास उपाशी, १२६ किंवा जास्त आली तर मधुमेह, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून. शंका उरली तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाच मिनिटांत पिऊन दोन तासांनी रक्त, २००ची रेघ. नवरात्रात नुसत्या पाण्यावर राहिलेल्यांनी ही तपासणी लगेच करू नये. आधी तीन दिवस रोजची भाकरी-भात पोटभर खावा, नाहीतर आकडा खोटाच वर येतो.

घरी येऊन रक्त नेण्याच्या सेवेला आमचे गुण कमी. शुगरचं रक्त राखाडी झाकणाच्या नळीत हवं. साध्या नळीत पेशी साखर खात राहतात, तासाला ५ ते ७ टक्के. औशाहून लातूरला पोचून मशीनवर चढेपर्यंत दोन तास गेले तर १२८ची ११३ होते, आणि रिपोर्टावर मधुमेहाऐवजी काठावरची शुगर छापून येते. बोटाच्या मशीनवरही भिस्त नको. हिमोग्लोबिन कमी असेल तर बरीच ग्लुकोमीटर शुगर जास्त दाखवतात.

काउंटरवर एवढंच विचारा: सीबीसी आहे का, एचबीए१सी एचपीएलसी मशीनवर (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारं) होते का? किनवट-माहूरकडच्यांनी तर हे विचारावंच, कारण सिकल सेल या आनुवंशिक रक्तदोषाचा वाहक असेल तर त्या मशीनच्या आलेखावर बहुधा वेगळं शिखर दिसतं. दोन्हीला ‘हो’ असेल तर पाचपैकी चार. नुसत्या एचबीए१सीला दोन.