चॅटनूगाचं ईपीबी फायबर: लाइट कंपनीकडून घेतलेलं इंटरनेट, सहा वर्षं वापरून

चॅटनूगाला येऊन सहा वर्षं झाली आणि पहिल्या आठवड्यापासून घरात ईपीबीचंच, म्हणजे इथल्या लाइट कंपनीचंच फायबर (काचेच्या बारीक तारेतून येणारं इंटरनेट) आहे. इकडे जॉब बघणारे बरेच जण विचारतात की टेनेसीतल्या एका मध्यम शहराच्या इंटरनेटचं एवढं नाव कशाला घेतात लोक, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो.

आधी कामाचं. आमचा प्लॅन एक गिगचा (म्हणजे १,००० एमबीपीएस), महिन्याला ७० डॉलरच्या आत, डाटा कॅप नाही, वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट नाही, आणि अपलोडही डाउनलोडएवढंच. हे शेवटचं लोक वाचतात आणि पुढे जातात, पण आमच्या घरात खरा फरक त्यानेच पडला. बायको व्हिडिओ एडिटिंग करते, एका प्रोजेक्टचं फूटेज सहज ८० जीबी होतं, आधीच्या शहरात केबलचं कनेक्शन होतं, डाउनलोड झकास पण अपलोड जेमतेम १० एमबीपीएस, म्हणजे फाइल चढवायला अठरा तास, रात्री लावून झोपायचं आणि सकाळी उठून बघावं तर मध्येच तुटून परत शून्यावर आलेलं. दोनदा तिची डेडलाइन हुकली त्यापायी. इथे पहिल्यांदा तेवढीच फाइल टाकली आणि चहा ठेवून येईपर्यंत निम्मी गेली होती, पंधरा-वीस मिनिटांत काम संपलं. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसली होती, तो चेहरा मला अजून आठवतो.

कनेक्शन जोडायला आला त्या माणसाच्या शर्टावर तोच लोगो होता जो आमच्या लाइटबिलावर असतो. खांबावरून वायर आणली, विजेच्या मीटरशेजारी भिंतीवर छोटा डबा बसवला, आणि टोक सोलून आतली काच दाखवली, केसाएवढी बारीक. तासाभरात चालू. एक सांगून ठेवतो, पूर्ण गिग हवा असेल तर कॉम्प्युटरला केबल जोडा, वायफायवर सहसा तेवढा स्पीड दिसत नाही आणि त्यात कंपनीचा दोष नसतो. १० गिगचाही प्लॅन २०१५ पासून आहे, २०२२ ला २५ गिगही आला, पण घराला त्याची गरज नाही, उगाच पैसे घालू नका.

आता लाइट कंपनी इंटरनेट कसं काय विकते? मला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो. ईपीबी म्हणजे इलेक्ट्रिक पॉवर बोर्ड, १९३५ ची शहराच्या मालकीची वीज कंपनी, वीज टीव्हीएकडून (टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी, अमेरिकी सरकारची वीज बनवणारी संस्था) घेते आणि घरोघर पोचवते. हॅरॉल्ड डिप्रीस्ट नावाचे गृहस्थ बरीच वर्षं तिचे प्रमुख होते, २०१६ ला रिटायर झाले. त्यांचं म्हणणं साधं होतं: लाइनवर स्मार्ट स्विच बसवायचे तर ते एकमेकांशी बोलायला हवेत, त्यासाठी फायबर टाकायचंच आहे, मग तेच फायबर लोकांच्या घरापर्यंत का न्यायचं नाही? केबल कंपन्यांच्या संघटनेनं कोर्टात खेचलं, ती केस टिकली नाही. बॉन्ड काढून काम सुरू केलं, दहा वर्षांत पुरं करायचा प्लॅन होता, मग २००९ ला केंद्राच्या ऊर्जा खात्याकडून स्मार्ट ग्रिडसाठी (म्हणजे अशा आपोआप चालणाऱ्या स्विचांच्या वीजजाळ्यासाठी) ११ कोटी डॉलरच्या वर ग्रँट मिळाली आणि दहा वर्षांचं काम तीनेक वर्षांत उरकलं. सप्टेंबर २०१० मध्ये साधारण ६०० चौरस मैलांच्या आपल्या सगळ्या हद्दीत गिग द्यायला लागले, शहरातल्या चकाचक भागातच नाही तर डोंगरामागच्या शेतघरालाही, अमेरिकेत तोवर एवढ्या मोठ्या भागात हे कुणी केलं नव्हतं. तेव्हा गिगचा भाव महिन्याला ३५० डॉलर होता, २०१३ ला तो ७० वर आणला. भाव असा खाली येताना मी तरी दुसरीकडे कुठे बघितलेला नाही.

आणि हे कुठलं शहर? १९६९ ला अमेरिकेतलं सगळ्यात घाणेरड्या हवेचं शहर म्हणून टीव्हीच्या बातम्यांत नाव आलेलं. कारखान्यांच्या धुराचं. तिथून नदीकाठ साफ करणं, नवे कारखाने आणणं, मग हे फायबर, असा पन्नास वर्षांचा प्रवास आहे आणि त्यात महापौर, बोर्डावरचे लोक, स्थानिक फाउंडेशन, धंदेवाले सगळे आहेत. इथल्या युनिव्हर्सिटीतले अर्थशास्त्राचे प्राध्यापक बेंटो लोबो यांनी २०२० मध्ये हिशोब मांडला की पहिल्या दहा वर्षांत या फायबरनं आणि स्मार्ट ग्रिडनं मिळून २६९ कोटी डॉलरचा फायदा झाला आणि साधारण ९,५०० नोकऱ्या आल्या. त्या फायद्यात लाइट न गेल्यामुळे वाचलेले पैसेही धरलेत, आणि ते धरायलाच हवेत, कारण तो अनुभव मी घेतलाय.

एप्रिल २०२०, ईस्टरचा रविवार, रात्री टोर्नेडो आला. शहराच्या पूर्वेकडची घरंच्या घरं गेली, माणसं गेली, तिकडे वीज यायला बरेच दिवस लागले, खांबच उरले नव्हते तर कोण काय करणार. आमचं घर त्या पट्ट्याच्या बाहेर. लाइट गेली, मी बॅटरी शोधायला उठलो, ड्रॉवर उघडेपर्यंत परत आली. लाइनवर असे साधारण १,२०० ऑटोमॅटिक स्विच आहेत, बिघाड झालेला तुकडा आपोआप बाजूला काढतात आणि दुसऱ्या वाटेनं वीज फिरवतात. तेच फायबर, ज्यावर बायकोच्या फाइल जातात. रात्रभर फोन करून कोण कुठे सुखरूप आहे ते विचारता आलं.

त्याच वर्षी, जुलैमध्ये, एक गोष्ट झाली जिच्यासाठी मी यांना पाचपैकी पाच देतो. शाळा बंद, सगळं ऑनलाइन, आणि ज्यांच्या घरी कनेक्शनच नाही ती मुलं काय करणार? ईपीबी, हॅमिल्टन काउंटीच्या शाळा, शहर, काउंटी, ब्लूक्रॉस ब्लूशील्ड या आरोग्य विमा कंपनीचं टेनेसीतलं फाउंडेशन आणि आणखी काही स्थानिक फाउंडेशन एकत्र बसले आणि एचसीएस एडकनेक्ट सुरू केलं. ज्या मुलांना शाळेत फुकट किंवा सवलतीत जेवण मिळतं त्यांच्या घरी १०० एमबीपीएसचं कनेक्शन, राउटरसकट, फुकट. सुमारे २८,००० मुलं त्यात बसत होती, आणि हमी दिली दहा वर्षांची. दहा वर्षं! म्हणजे पहिलीतलं पोरगं दहावीत जाईपर्यंत. सरकारी आणि खाजगी लोक एकत्र आले की नुसते फोटो निघतात असं मला वाटायचं, इथे घरोघर राउटर लागले. वायर आधीच प्रत्येक दाराशी पोचलेली होती म्हणून हे काही आठवड्यांत सुरू होऊ शकलं.

आता दुसरी बाजू, आणि ती मला मनापासून टोचते. ईपीबीचं इंटरनेट फक्त ईपीबीची वीज आहे तिथेच मिळतं. टेनेसीचा कायदाच तसा आहे, शहराच्या मालकीच्या वीज कंपनीनं हद्दीबाहेर इंटरनेट विकायचं नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये एफसीसीनं, म्हणजे फोन-इंटरनेटवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय आयोगानं, हा कायदा बाजूला सारायचा निर्णय दिला, ऑगस्ट २०१६ मध्ये अपील कोर्टानं तो निर्णयच फिरवला. टेनेसी राज्याच्या सिनेटर जॅनिस बोलिंग ही हद्द काढायला वर्षानुवर्षं विधेयक आणत राहिल्या. २०१७ ला गव्हर्नर हॅसलम यांच्या काळात नवा कायदा झाला, त्यात सहकारी वीज संस्थांना इंटरनेट विकायची परवानगी मिळाली, शहरांच्या कंपन्यांची हद्द मात्र तिथेच राहिली. वायर टाकायची तयारी असलेली संस्था आहे, पलीकडे मागणारी माणसं आहेत, आणि मधे कागदावरची रेघ.

त्या रेघेच्या पलीकडे आमचे एक मित्र राहतात. वीज दुसऱ्या कंपनीची, इंटरनेट तेव्हा फोनच्या वायरवरचं, पाऊस पडला की तुटणारं, वर्षानुवर्षं तक्रारी करून दमले बिचारे. मे २०२० मध्ये त्यांच्या मुलीची एपीची (शाळेत असतानाच देतात ती कॉलेजच्या पातळीची) परीक्षा घरून होती, उत्तरं हातानं लिहायची आणि शेवटच्या पाच मिनिटांत फोटो काढून अपलोड करायचे, नाही गेले तर पेपर गेला. ती म्हणाली, काका, मी तुमच्याकडे येऊ का? कोविडमुळे घरात यायला तिच्या आईबाबांना भीती वाटत होती, म्हणून आमच्या ड्राइव्हवेत गाडी लावली, मी राउटर खिडकीशी आणून ठेवला, आणि तिनं मागच्या सीटवर मांडीवर पुस्तक ठेवून त्यावर पेपर लिहिला. बायको आणि मी खिडकीतून बघत होतो. फोटो गेल्यावर तिनं काचेतून अंगठा दाखवला तेव्हा आमच्या दोघांच्या डोळ्यात पाणी होतं. हुशार मुलगी, अभ्यास पुरा झालेला, आणि परीक्षा द्यायला दुसऱ्याच्या दारात गाडीत बसावं लागलं.

त्यामुळे या भागात घर किंवा अपार्टमेंट बघणार असाल तर शाळा, बाजार, अंतर सगळं बघाच, पण पत्ता फायनल करायच्या आधी एजंटला एक प्रश्न जरूर विचारा, या घराचं लाइटबिल कुणाकडून येतं?