देवगडची बाग मालदीवजवळ: क्यूजीआयएस आणि कॅड यांच्यातली आठ महिन्यांची ये-जा

हा अनुभव एका माणसाचा, एका जुन्या लॅपटॉपचा आणि देवगड तालुक्यातल्या पंधरा-वीस जागांचा आहे, हे आधीच सांगतो. आंब्याच्या बागा, घरांच्या जागा, होमस्टेचे प्लॉट यांचे नकाशे मी करतो. मोजणीचे बिंदू क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचे, कॅडला, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरला, वाचता येणारी डीएक्सएफ फाइल काढून आर्किटेक्टकडे पाठवायची, तिकडून ड्रॉइंग आलं की ते परत नकाशावर बसवायचं. दिवाळीनंतर सुरू केलं, आता गटारी आली. मार्च ते मे इथे कोणी नकाशाचं नावही काढत नाही, सगळे पेट्या भरण्यात असतात. त्यामुळे कामाचे महिने पाचच धरा.

डीएक्सएफ हा प्रकार 1982 सालचा, ऑटोकॅड या कॅड सॉफ्टवेअरच्या पहिल्या आवृत्तीबरोबर आलेला. क्यूजीआयएस आजही 2000 सालच्या आवृत्तीतली डीएक्सएफ काढतं. त्या फाइलला रेघ कळते, वर्तुळ कळतं, अक्षरं कळतात. ती रेघ पृथ्वीवर कुठल्या पद्धतीने मोजली, हे त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. माझी निम्मी डोकेदुखी या एका गोष्टीतून आली. त्यात सॉफ्टवेअरचा दोष थोडा, आमचा जास्त.

पहिलीच फाइल मी अक्षांश-रेखांशातच काढून पाठवली. आर्किटेक्टच्या ऑफिसातून फोन आला, "सर, फाइल रिकामी आहे." रिकामी नव्हती. तीनशे मीटर रुंदीची बाग अंशांत मोजली की 0.0028 एवढीच भरते, पडद्यावर ठिपकासुद्धा दिसत नाही. तिथल्या ड्राफ्ट्समनने हुशारी केली: शोधून काढली आणि ओळखीच्या एका लांबीला जुळेपर्यंत मोठी केली. पण देवगडच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश 107 किलोमीटरच्या आत भरतो आणि अक्षांशाचा साडेएकशे दहाच्या वर. म्हणजे बाग पूर्व-पश्चिम तीन-साडेतीन टक्के ताणली गेली. शेजाऱ्याच्या हद्दीत घुसायला तेवढं पुष्कळ झालं.

तेव्हापासून निर्यात करताना यूटीएम 43 उत्तर (यूटीएम म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजायची पद्धत; यादीत हा पट्टा ईपीएसजी 32643 या क्रमांकाने सापडतो) याशिवाय काही निवडत नाही. त्यात देवगडचं नशीब चांगलं आहे. या पट्ट्याचं मध्यरेखांश 75 अंश, तिथे अंतरं किलोमीटरमागे 40 सेंटीमीटर कमी दिसतात. आपण त्याच्या पश्चिमेला पावणेदोनशे किलोमीटरवर असल्यामुळे फरक किलोमीटरमागे तीनेक सेंटीमीटरवर येतो. जमिनीवर टेप लावली आणि नकाशावर मोजलं तर जुळतं. देशावर काम करणाऱ्यांना हे सुख नाही.

आता मालदीवची गोष्ट. देवगडचे यूटीएम आकडे साधारण पूर्वेला 3 लाख 27 हजार आणि उत्तरेला 18 लाख 11 हजार असे येतात. एवढ्या मोठ्या आकड्यांवर काही ड्रॉइंग सॉफ्टवेअर पडद्यावर थरथरायला लागतात: हॅच (आकारात भरलेल्या रेघा) तुटतं, झूम केल्यावर रेघा नाचतात. कारण साधं आहे. फाइलमध्ये आकडा पूर्ण असतो, पण पडद्यावर दाखवताना सातेक अंकांचीच अचूकता वापरली जाते. ड्राफ्ट्समनने यावर त्याच्या परीने उपाय केला. सगळं सिलेक्ट करून मूव्ह केलं आणि बागेचा एक कोपरा शून्य-शून्यवर नेऊन ठेवला. ड्रॉइंग सुंदर झालं. ते माझ्याकडे आलं, मी नकाशावर टाकलं आणि हापूसची बाग विषुववृत्तावर, मालदीवच्या पश्चिमेला भर समुद्रात जाऊन बसली. किती सरकवलं त्याची नोंद त्याने ठेवली नव्हती.

दोन दिवस गेले. उपाय मात्र दोन मिनिटांचा होता: मूव्ह करू नका, यूसीएस, म्हणजे ड्रॉइंगमधली आकडे मोजायची चौकट, बदला. कामापुरता शून्यबिंदू हवा तिथे घेता येतो आणि फाइलमधले मूळ आकडे जागचे हलत नाहीत. हे मी त्या पोराला फोनवर समजावलं, तर म्हणाला, "हे आधी का नाही सांगितलं?" बरोबर होतं त्याचं.

तेव्हापासून प्रत्येक फाइलमध्ये दोन फुल्या पाठवतो. त्यांचा वेगळा लेअर, नाव 'हलवू नका'. एक फुली सहसा विहिरीच्या काठावर, दुसरी गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कोपऱ्यातल्या चिऱ्यावर. दोन्हींचे यूटीएम आकडे आणि दोघांमधलं अंतर मीटरमध्ये शेजारीच लिहिलेलं. ड्रॉइंग परत आलं की आधी फुल्या बघतो. अंतर हजारपट असेल तर तिकडे मिलिमीटरमध्ये काम झालंय. 3.28 पट असेल तर कोणीतरी फुटात गेलंय. आमचे सगळे कंत्राटदार फुटातच बोलतात, त्यामुळे हे होतच राहणार. अंतर बरोबर पण जागा चुकीची, तर सरकवलंय. अंतर आणि एक जागा बरोबर, दुसरी फुली बाजूला, तर फिरवलंय.

फिरवण्याचा प्रकार सगळ्यात चोरटा. यूटीएमची उत्तर आणि खरी उत्तर देवगडला जवळजवळ अर्ध्या अंशाने वेगळ्या आहेत. सूर्यप्रकाशाचा अभ्यास करणाऱ्या एका आर्किटेक्टने ड्रॉइंग खऱ्या उत्तरेला बसवलं आणि तसंच परत पाठवलं. डोळ्यांना काही कळत नाही, पण शंभर मीटरवर 80 सेंटीमीटर सरकतं. जागा खाडीकाठची होती. 2019 च्या सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांच्या नियमांच्या, अधिसूचनेत खाडीला भरतीरेषेपासून 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी ते अंतर धरलं जातं. भरतीरेषा मंजूर नकाशातूनच घ्यायची असते, ती मी काढत नाही. पण तिच्यापासून 50 मीटर म्हणून जोत्याची रेघ ओढायची आणि पुढे जोतंच पाऊण मीटर आत सरकायचं, म्हणजे मालकाच्या गळ्याशी येणारं काम. दुसऱ्या फुलीने वाचवलं.

कलमांचं प्रकरण मजेशीर झालं. ड्राफ्ट्समनने प्रत्येक झाडासाठी ब्लॉक, म्हणजे एकदा काढून पुन्हा पुन्हा ठेवायचं चित्र, वापरला होता, पाकळ्या-पाकळ्यांचं गोल झाड. साधी डीएक्सएफ ओढून टाकली की ब्लॉक फुटतो आणि त्याच्या रेघा सुट्या होतात. 140 कलमं, एकेकाला 24 रेघा: माझ्याकडे 3,360 रेघांचा पसारा आणि झाड एकही नाही. प्रोजेक्ट मेनूतल्या आयातीच्या खिडकीतून आणलं आणि ब्लॉक उलगडण्याची खूण काढून टाकली, तर प्रत्येक झाड एक बिंदू म्हणून येतं, सोबत ब्लॉकचं नाव. हापूसला वेगळा ब्लॉक, रायवळला वेगळा, काजूला वेगळा असं आता ठरवून घेतलंय. झाडं मोजायला बागेत फिरावं लागत नाही. नवीन आवृत्तीचं डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची मूळ फाइल, आलं आणि उघडलं नाही, तर ओडीए फाइल कन्व्हर्टरने डीएक्सएफ करून घ्यायची, फुकट आहे.

मराठी अक्षरांनी सुरुवातीला रडवलं. 'विहीर', 'मांगर', 'गोठा' हे सगळं तिकडे प्रश्नचिन्हं होऊन उघडलं, कारण ड्रॉइंगमधली टेक्स्ट स्टाइल ऑटोकॅडच्या स्वतःच्या एसएचएक्स फॉन्टची होती आणि त्यात देवनागरी नाहीच. स्टाइलला मंगल किंवा निर्मला हा देवनागरी असलेला फॉन्ट लावला की काम होतं. उलट्या दिशेचा त्रास संपलेला नाही. काही जुनी ड्रॉइंग युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये लिहिलेली असतात. ती माझ्याकडे येतात तेव्हा इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. तो मी हातानेच पुन्हा लिहितो.

आणि माहितीचा तक्ता. गट नंबर, हिस्सा, मालकाचं नाव, क्षेत्र असं सगळं क्यूजीआयएसमध्ये प्रत्येक आकाराला चिकटवलेलं असतं. डीएक्सएफमध्ये त्यातलं काही जात नाही. निर्यात करताना एखादा रकाना लेअरच्या नावासाठी देता येतो, मी गट नंबर देतो, तेवढंच वाचतं. परत येताना हद्द नुसती रेघ होऊन येते, तिचं क्षेत्र करायचं तर टोकं जुळलेली लागतात. ड्राफ्ट्समनला दोन मिलिमीटरची फट दिसत नाही, क्यूजीआयएसला दिसते आणि ते क्षेत्र करत नाही. क्षेत्र झालं की त्यावर पडलेल्या अक्षरांमधून गट नंबर पुन्हा जोडून घेतो. क्षेत्राचं उत्तर चौरस मीटरमध्ये येतं. मालक मात्र 'गुंठे किती?' म्हणून विचारतात आणि सातबारा आरमध्ये बोलतो. आर 100 चौरस मीटरचा, गुंठा 101.17 चा. दोन हेक्टरांचे 200 आर होतात, पण गुंठे 197.7 च. सव्वादोन गुंठे कुठे गेले, यावरून एक संध्याकाळ गेली आहे.

एक चूक निव्वळ माझी. निर्यातीच्या खिडकीत 'सध्याच्या नकाशाच्या चौकटीत येणारंच घ्या' अशा अर्थाचा एक पर्याय आहे. मी घरापाशी झूम करून बसलो होतो, खूण तशीच राहिली, आणि पूर्वेकडचा अख्खा गडगा फाइलमध्ये गेलाच नाही. छापील नकाशा बघून बागवाले काका एवढंच म्हणाले, "माझो गडगो खंय गेलो?" त्या गडग्यासाठी त्यांचं शेजाऱ्याशी वर्षानुवर्षं चाललंय. नवीन प्रिंट घेऊन भर पावसात त्यांच्याकडे गेलो, तेव्हा चहा मिळाला, पण आधी त्यांनी गडग्यावरून बोट फिरवून बघितलं.

क्यूजीआयएसला पाचपैकी तारे द्यायचे तर मी चार देतो. पाचवा आयातीच्या त्या खिडकीसाठी कापला, तिथे दोनदा सगळं अडकून लॅपटॉप बंद करावा लागला. परवा पुण्याच्या एका ऑफिसातून नवीन ड्रॉइंग आलं. बाकी काही बघायच्या आधी फुल्यांचा लेअर उघडला. फुल्या जागेवर होत्या, अंतर 84.36 मीटर, पाठवलं होतं तेवढंच. लेअरचं नाव मात्र कोणीतरी बदलून 'हलवले नाही' असं केलं होतं.