तीन पत्ती आणि थ्री कार्ड पोकर

दिवाळीत सोलापुरात तीन पत्तीचा डाव रंगतो तो समोरचा माणूस वाचण्यावर. ब्लाइंड, म्हणजे आपली पानं न बघता, चाल वाढवली की चांगल्या पानांचा गडीही पॅक करतो, म्हणजे डाव सोडतो, आणि खरी मजा मला तिथेच वाटते. गोव्यातल्या कॅसिनोत थ्री कार्ड पोकरला हे चालत नाही. तिथे खेळ कॅसिनोच्या डीलरशी असतो, आणि डीलर घाबरत नाही. तिथे राणी-छक्की-चौकी किंवा त्याहून वरचा हात (तीन पानांचा संच) असेल तरच खेळा, नाहीतर पानं टाका. एवढं पाळूनही मोठ्या हातांवरच्या नेहमीच्या बोनस-दरात, सुरुवातीच्या मूळ पैजेवर कॅसिनोचा फायदा सुमारे ३.३७ टक्के राहतोच. घरच्या डावात असा वाटा कुणी कापत नाही.

हातांचा क्रमही वेगळा. आपल्याकडे ट्रेल (तिन्ही पानं सारखी, जसे तीन राजे) सर्वांत मोठी, तिथे प्युअर सिक्वेन्स (एकाच चिन्हाची सलग तीन पानं). एकूण २२,१०० हातांत ट्रेल ५२ आणि प्युअर सिक्वेन्स ४८, म्हणजे प्युअर सिक्वेन्स जास्त दुर्मीळ, म्हणून गणिताने तिथलाच क्रम बरोबर.