फोकसिंग रेल की आडवा दांडा?

मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढताना, ट्रायपॉडवर लावायची ही दोन साधनं. रेल म्हणजे कॅमेरा स्क्रूने पुढे-मागे सरकवणारी पट्टी; दांडा म्हणजे ट्रायपॉडपासून बाजूला निघणारा हात. दोन्हींपैकी एकच घ्यायचं असेल तर आधी बघा, आपलं अडतं कुठे. १:१ मॅक्रोला (वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी उमटते तेव्हा), लेन्सचं छिद्र एफ/८ वर ठेवून, फुल-फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात जेमतेम १ मिमी भाग स्पष्ट येतो. तेवढ्यासाठी ट्रायपॉडचे पाय सरकवणं म्हणजे निव्वळ वैताग. रेलचा स्क्रू फिरवला की कॅमेरा केसभर पुढे-मागे होतो. मात्र स्क्रूत माती गेली की रेल अडते, आणि फारच स्वस्त घेतली तर ढिली निघते.

आडवा दांडा कॅमेरा थेट जमिनीलगत नेतो. पण थरथरतो, तोलाला दुसऱ्या टोकाला पिशवी लटकवावी लागते. ओझं दोन्हींचं वाढतंच.

बुरशी, शेवाळ, बुटकी रानफुलं टिपणाऱ्यांनी दांडा घ्यावा. फोकस स्टॅकिंगवाल्यांनी, म्हणजे फोकस जरा जरा सरकवत काढलेले अनेक फोटो जोडून एक करणाऱ्यांनी, रेल. उडत्या किड्यांमागे धावणाऱ्यांना दोन्ही नकोत.