डबल सिलिंडर एअर कॉम्प्रेसर: बोरिवलीचं पार्किंग ते कच्छचं छारी ढंढ, काही महिने वापरल्यावर

टायरमध्ये हवा भरायचा हा कॉम्प्रेसर पावसाळ्याच्या आधी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून घेतला, साडेसात हजार पडले, घासाघीस करून. कंपनीचं नाव देत नाही कारण तीन दुकानांत तीन वेगवेगळ्या नावांनी हाच डबा बघितला, फक्त स्टिकर वेगळे. गाडी मारुतीची जिमनी. घ्यायचं कारण एकच, हिवाळ्यात कच्छला छारी ढंढला जायचं ठरत होतं आणि ग्रुपवर सगळी चर्चा रूफ टॉप टेंट, म्हणजे गाडीच्या टपावरचा तंबू, कुठला घ्यायचा याच्यावर चाललेली. टेंटचा आकडा लाखाच्या आसपास, आणि टायरमधल्या हवेबद्दल कोणी अवाक्षर काढत नव्हतं.

मला विचाराल तर अशा ट्रिपला पहिला खर्च हवेवर करायचा. वाळूत गाडी रुतते ती ताकद कमी पडते म्हणून नाही, सगळं वजन टायरच्या छोट्याशा पॅचवर येतं म्हणून. हवेचा दाब २८ पीएसआयवरून (पंपावर हवा भरताना सांगतो तो आकडा) १८ वर आणला की टायर खाली लांबट पसरतो, वजन विभागलं जातं आणि गाडी वर वर चालते. हवा काढायला पैसे लागत नाहीत हो, पण परत डांबरी रस्त्यावर आल्यावर भरायची कुठून? तिथे पेट्रोल पंप म्हणजे नखत्राणा किंवा भुज, आणि १८ वर हायवेला ऐंशीने गाडी मारली तर टायर तापून साईडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, वाट लागते. म्हणून कॉम्प्रेसर.

आता मशीनबद्दल. हा लायटर सॉकेटवर चालत नाही, सॉकेटचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा असतो आणि हा त्याच्या दुपटीतिपटीने करंट ओढतो, त्यामुळे बॉनेट उघडून थेट बॅटरीला चिमटे लावायचे आणि इंजिन चालू ठेवायचं. १८ वरून २८ ला एक टायर साधारण मिनिटभरात होतो, चारही टायर आणि पाईप इकडून तिकडे ओढणं धरून पाच-सात मिनिटं. ऑफिसमधल्या एकाकडे मोबाईलसारखा चार्जिंगवाला छोटा पंप आहे, तो शहरात टॉप-अपला ठीक, पण कच्छमध्ये तिसऱ्या टायरला तापून आपोआप बंद पडला आणि मग सगळे माझ्याकडे रांगेत.

आवाज भयानक आहे, आधीच सांगतो. सोसायटीत रविवारी सकाळी चालू केला तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या, "अरे काय दळण टाकलंयस का!" त्या दिवसापासून सकाळी अकराच्या आधी लावत नाही.

छारी ढंढ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, भुजच्या वायव्येला, बन्नीच्या गवताळ पट्ट्याच्या कडेला फुलाय गावाजवळचा उथळ तलाव, पाऊस बरा झाला तर भरतो नाहीतर नुसती खारी जमीन. २२७ चौरस किमीचा कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह, म्हणजे संरक्षित क्षेत्र आहे, २००८ पासून. हिवाळ्यात क्रौंच, रोहित (फ्लेमिंगो), पेलिकन, गरुड, बघाल तिकडे पक्षी. बोरिवलीहून भुज साडेआठशे किमीच्या आतबाहेर, एका दमात मारू नका, अहमदाबादच्या आसपास मुक्काम करा. आणि गुजरातमध्ये दारूबंदी आहे, कॅम्पिंग म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यासमोर भलतंच येतं त्यांनी घरीच थांबलेलं बरं.

तंबू तलावाच्या काठावर लावायचा नाही. रिझर्व्हमध्ये जायचं तर आधी वनखात्याला विचारायचं, आणि मुक्काम बाहेर, गावालगत कोणाच्या तरी जागेत परवानगी घेऊन. आम्ही ज्या भाईंच्या वाड्याशेजारी राहिलो त्यांनी आल्याआल्या बजावलं, "साहेब, ऊपर सूखा दिखता है, नीचे कीचड है, टायर का निशान जहाँ है वहीं चलाओ." शंभर टक्के खरं. वरती मिठाचा पापुद्रा, पांढरा, कडक वाटतो, बुटाची टाच जोरात मारली की खाली काळा चिखल. तिथे हवा कमी करून काहीही होत नाही, गाडी तारेने ओढून काढणारा विंच असला तरी बांधायला झाड नाही. शंका आली की उतरायचं, चालत पुढे जाऊन बघायचं, आणि एकट्या गाडीने तर जायचंच नाही.

हवेची कमाल दिसली ती वाटेतल्या कोरड्या नदीपात्रात. मित्राची थार, त्याचं म्हणणं फोर बाय फोर आहे तर हवा कशाला काढायची. भुसभुशीत वाळूत मागची चाकं अर्धी गेली. दोरी काढायच्या आधी म्हटलं थांब, चारही टायरला हवा काढायचे पितळी डिफ्लेटर लावले, सूंऽऽ करत १६ ला आणले, टायरपुढची वाळू हाताने उकरली, लो रेंज, फर्स्ट गियर, आणि गाडी हळूच उठून स्वतःच्या पायाने बाहेर. १५ च्या खाली मात्र उगाच जाऊ नका, वळताना टायर रिमवरून सुटू शकतो.

अजून एक गोष्ट. दुपारी कडक उन्हात १८ ठेवलेलं, पहाटे गेज लावला तर १६. हवा गळाली नव्हती, थंडी. वीसेक डिग्रीचा फरक पडला की तेवढं उतरतंच. पंक्चर समजून घाबरू नका, पण एकाच टायरमध्ये कमी दिसलं तर बघा, काटाच असणार. तिकडे सगळीकडे वेडी बाभूळ, तिथले लोक गांडो बावळ म्हणतात, १९६०च्या दशकात रण पुढे सरकू नये म्हणून लावली आणि आता तिनेच बन्नीचं गवत खाल्लंय. काटा बोटभर लांब, टायरमध्ये मोडून बसतो, वरून टिकलीएवढा काळा ठिपका दिसतो फक्त. आमचा असाच एक दोरीवाल्या पंक्चर किटने बंद केला, मग कॉम्प्रेसरने भरला, पंक्चरवाला शोधत फिरावं लागलं नाही.

तक्रारी पण आहेत. मशीनवरचा गेज चालू असताना दोन-तीन पीएसआय जास्त दाखवतो, बंद करून वेगळ्या गेजने बघावं लागतं. पाईपच्या टोकाची, टायरच्या व्हॉल्व्हवर बसणारी पितळी चकती आटेवाली आहे, ती इतकी तापते की चौथ्या टायरनंतर फडकं घेऊनच फिरवायची, आणि फिरवून काढेपर्यंत एखाद पीएसआय फुस्स. पिशवीची चेन पावसाळ्यातच गेली. कच्छच्या खाऱ्या धुळीने चिमट्यांना हिरवट थर आला, गाडीचं खालचं वॉशिंग करून घेतलं तेव्हा तेही लिंबू-पाण्याने पुसले, आता ठीक. आणि डबा जड आहे, जिमनीची डिकी मागची सीट वर असताना जेमतेम २०८ लिटरची, त्यात हा, पाण्याचे कॅन आणि बायकोची "थंडी असेल" म्हणून घेतलेली दोन ब्लँकेटं. ब्लँकेटं लागली, ते सोडा.

फक्त ठाणे-पुणे करणार असाल तर हा घेऊ नका, दीड-दोन हजारवाला छोटा पंप पुरे. मी क्लिकवाल्या टोकाचा नवीन पाईप मागवलाय, डिसेंबरमध्ये छोट्या रणाचा विचार चाललाय त्याच्या आधी लावून बघतो आणि हवा गळायची थांबली का ते इथेच खाली लिहितो.