फियाटच्या पंख्याचा ४० अँपिअर रिले: नऊ महिने, दोन सॉकेटं आणि एक भांडण

आधीच सांगतो, रिलेचा (बारीक करंटवर चालून मोठ्या करंटची लाइन जोडणारा स्विच) हा रिव्ह्यू मी एप्रिलमध्ये लिहायला घेतला होता तेव्हा पहिलं वाक्य होतं "हा रिले कोणीही घेऊ नये". ते वाक्य आता खोडलंय, का ते खाली येईलच.

गाडी प्रीमियर पद्मिनी, घरात सगळे फियाटच म्हणतात. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली तेव्हा पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर, पट्ट्याने फिरणारा. सिग्नलला इंजिन हळू म्हणजे पंखा पण हळू, आणि पुण्यात गाडी चालते कमी थांबते जास्त, त्यामुळे गेल्या नोव्हेंबरमध्ये जुन्या बाजारातून एका हॅचबॅकचा इलेक्ट्रिक पंखा साडेसातशेला आणला, रेडिएटरवाल्याकडून पितळी टाकीला थर्मो स्विचसाठी बॉस (स्विच बसवायची बैठक) झाळून घेतला (स्विच पाणी ९२ अंशांना तापलं की लागतो, ८७ अंशांना सुटतो), आणि वायरिंग आमच्या नेहमीच्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांनी केलं. रिले नेहमीचा काळा चौकोनी पाच पिनी, १३० रुपये. सोबत वायरी जोडलेलं तयार सॉकेट, ४० रुपये. ह्या ४० रुपयांवर मी आता बराच वेळ बोलणार आहे.

जोडणी तुम्हाला माहीतच असेल. बॅटरीवरून २५ अँपिअरचा फ्यूज घेऊन रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ वरून पंखा, रिलेच्या कॉइलचं (पिना ८५ आणि ८६) एक टोक चावीच्या लाइनवर आणि दुसरं थर्मो स्विचमधून बॉडीला. कॉइल मीटरवर ९० ओहमच्या आसपास दाखवते, म्हणजे थर्मो स्विचमधून जेमतेम दीडशे मिलिअँपिअर जातात, सगळा भार रिलेवर. क्लॅम्प मीटरवर पंखा चालू असताना १३ अँपिअर, सुरू होताना क्षणभर तिशीच्या पुढे. रिले ४० चा, मग काळजी कसली, असं मला वाटलं आणि पाच महिने वाटत राहिलं.

एप्रिलमधला शुक्रवार, संध्याकाळी सहा, नवले पुलाच्या अलीकडे नेहमीचा जाम. काटा चढायला लागला, पंख्याचा आवाज नाही. बॉनेट उघडलं तर प्लास्टिक जळल्याचा तो गोडसर वास, आणि सॉकेटची एक बाजू मेणबत्तीसारखी ओघळून रिलेच्या बुडाला चिकटलेली. पंख्याची वायर सरळ बॅटरीला पीळ मारून जोडली आणि तसाच घरी आलो. आई म्हणाली, "तुझ्या अप्पांनी तीस वर्षं पट्ट्यावर चालवली, कधी रस्त्यात थांबली नाही." ह्यावर काय बोलणार.

दुसऱ्या दिवशी नाना पेठेत. दुकानदाराने जळका रिले हातात पण घेतला नाही. "साहेब, इलेक्ट्रिकल आयटमला गॅरंटी नसते." मी म्हणलं अहो ४० लिहिलंय वर, माझा लोड १३ चा. "मग लोड जास्त असेल." आता १३ हे ४० पेक्षा जास्त कसं ते त्यांनाच ठाऊक. वीस मिनिटं वाद घातला, मागे रिक्षावाले खोळंबलेले, शेवटी हात हलवत परत येण्यापेक्षा म्हणून २१० रुपयांचा दुसऱ्या कंपनीचा "भारी" रिले आणि परत तसलंच ४० रुपयांवालं सॉकेट घेऊन आलो. हो, परत तसलंच. तेव्हा डोक्यात रिलेच दोषी होता ना.

ह्या भारी रिलेच्या अंगावर कॉइलशेजारी डायोडची (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट) खूण होती, मी पाहिली आणि सोडून दिली. साध्या रिलेला ८५-८६ कुठलंही टोक कुठेही लावा, फरक पडत नाही. काकांनी आधी चावीची लाइन ८५ वर आणि थर्मो स्विच ८६ वर घेतला होता, पाच महिने काही झालं नाही. डायोडवाल्यात मात्र प्लस ८६ वरच लागतो. उलटं लावलं की डायोडमधून सरळ शॉर्ट, आणि तो पण थर्मो स्विच लागल्यावरच, म्हणजे इंजिन गार असेपर्यंत सगळं आलबेल. दोन दिवसांनी सिंहगड रोडला पाणी तापलं, स्विच लागला आणि चावीच्या लाइनचा फ्यूज उडाला. त्याच फ्यूजवर मीटरची लाइन. टेम्परेचरचा काटा धपकन शून्यावर आला आणि मी काय वाटून घेतलं असेल? की नवीन रिले भारीच आहे, इंजिन एकदम गार! इंडिकेटर लागेना तेव्हा ट्यूब पेटली. नशीब घर जवळ होतं.

८५-८६ ची अदलाबदल केली, पंखा चालू. पण हात पोळला होता म्हणून रोज संध्याकाळी बॉनेट उघडून सॉकेटला बोट लावून बघायचो, आणि पंधरा दिवसांत हे नवं सॉकेटही बोट ठेववत नाही इतकं गरम. रिले बदलला, कंपनी बदलली, तरी तेच. मग मात्र संशय आला.

मल्टीमीटर काढला, पंखा चालू ठेवला, लाल प्रोब बॅटरीच्या प्लसवर आणि काळा पंख्याच्या प्लसवर. खरं तर शून्याजवळ यायला हवं, आलं १.६ व्होल्ट, म्हणजे तेवढे वाटेतच गळतायत. मग टप्प्याटप्प्याने पुढे सरकत गेलो. फ्यूजमध्ये किरकोळ, रिलेच्या आत किरकोळ, आणि सॉकेटच्या ३० नंबरच्या लगपासून (पिनवर बसणारं पत्र्याचं टोक) त्याच्याच वायरीपर्यंत, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढ्या अंतरात, ०.७ व्होल्ट. ०.७ गुणिले १३ म्हणजे ९ वॅट. घरातली सोल्डरिंग गन २५ वॅटची आहे, म्हणजे तिच्या एक तृतीयांश भट्टी त्या प्लास्टिकच्या पोटात सारखी पेटलेली.

लग बाहेर ओढून काढला तर वायर १ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर), तिच्या निम्म्या तारा क्रिंपच्या (लगचा दाबून बसवलेला भाग) बाहेर, आणि लगचा पत्रा इतका पातळ की नखाने वाकला. मी बॅटरीपासून ४ स्क्वेअरची वायर आणली होती, मोठ्या अभिमानाने, आणि मध्ये वीतभर ही सुतळी. रुंद रस्ता आणि मध्येच एक माणूस जाईल एवढी बोळ. आणि पाचही वायरी सारख्याच जाडीच्या! कॉइलच्या वायरीला १ स्क्वेअर म्हणजे चैन आहे, ३० आणि ८७ ला उपासमार. हे बनवणाऱ्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

त्यात ती मधली पाचवी, ८७ए ची वायर. पंखा बंद असताना ३० चा करंट तिच्यावर असतो, म्हणजे लोंबकळणारं ते टोक कायम जिवंत. काकांनी चिकटपट्टी गुंडाळली होती, उन्हाळ्यात बॉनेटखाली तिचा गोंद पातळ होऊन ती अर्धी सुटलेली सापडली. बॉडीला टेकली असती तर २५ चा फ्यूज गेला असता, आणि फ्यूज नसता तर गाडीच. एकतर चार पिनी रिले घ्या, नाहीतर तो मधला लग सॉकेटमधून उपटून टाका.

मग तो पहिला "जळका" रिले आठवला, भांडणानंतर रागाने ड्रॉवरमध्ये फेकलेला. स्क्रूड्रायव्हरने कव्हर उचकटलं. आत सगळं व्यवस्थित, काँटॅक्ट जरासे करडे झालेले, कॉइल ९० ओहम, १२ व्होल्ट दिले की टक् करून ओढतो. बिचारा निर्दोष होता. बाहेरून ३० ची पिन निळी-काळी पडली होती, ती काचकागदाने घासून चकचकीत केली, कव्हर फेविक्विकने परत चिकटवलं.

आता सॉकेटच नाहीये. ६.३ मिलिमीटरचे जाड पितळी लग आणले, दहा लग तीस रुपये, ३० आणि ८७ ला ४ स्क्वेअरची वायर थेट क्रिंप करून वर स्लीव्ह, कॉइलला जुन्याच बारीक वायरी. रिले ब्रॅकेटला, पिना खाली करून, म्हणजे पावसाचं पाणी आत बसत नाही. बॅटरीपासून पंख्यापर्यंतचा ड्रॉप १.६ वरून ०.३ वर आला आणि पंख्याचा आवाजच बदलला हो, आधी सर्रर्र करायचा, आता गुरगुरतो. ह्याच पंख्याला मी पाच महिने "जुन्या बाजारचा माल" म्हणून नावं ठेवत होतो. मे महिना काढला, दिवे घाट एसटीच्या मागे पहिल्या-दुसऱ्यात चढवला, काटा मध्याच्या वर गेला नाही.

कॉइल चावीच्या लाइनवर घ्यायची की थेट बॅटरीवर, ह्यावर माझं मत दोनदा बदललंय. आधी वाटायचं गाडी बंद केल्यावरही पंखा चालावा. पण इंजिन थांबलं की वॉटर पंप पण थांबतो, पंखा फक्त रेडिएटरातलं पाणी गार करत बसतो आणि माझी चार वर्षांची बॅटरी खातो. चावीवरच ठेवलंय.

२१० वाला डायोडचा रिले डिकीत स्पेअर म्हणून पडून आहे, त्याच्यावर मार्करने "८६ = प्लस" लिहून ठेवलंय. १३० वाल्याला पाचपैकी साडेचार. अर्धा ह्यासाठी कापला की बुडाचे आकडे इतके बारीक की चष्मा लावूनही ८७ आणि ८७ए वेगळे ओळखू येत नाहीत. सॉकेटला शून्य, आणि ती दोन्ही सॉकेटं पिशवीत घालून ठेवलीयेत, नाना पेठेत पुढच्या वेळी गेलो की त्या काउंटरवर ठेवणार आहे.