ख्रिस्ती सिद्धांत: विषयवार शिकावे की काळानुसार?

विषयवार अभ्यासात त्रैक्य (एकाच देवात पिता, पुत्र, पवित्र आत्मा), देहधारण (देवपुत्राचं माणूस होणं), तारण, अंत्यकाळ अशी प्रकरणं आयती मिळतात. परीक्षा तोंडावर असेल तर हेच सोयीचं. पण वाद का पेटले ते कळत नाही, व्याख्या नुसत्या पाठ होतात.

काळानुसार गेलं की खरी गंमत. इ.स. ३२५, नायसियाची परिषद, म्हणजे बिशपांची मोठी सभा. एरियस या धर्मगुरूचं म्हणणं, पुत्र (म्हणजे येशू ख्रिस्त) पित्याने, म्हणजे देवाने, निर्माण केलेला. म्हणजे एकेकाळी तो नव्हता. परिषदेने ठणकावलं: पुत्र पित्याशी एकतत्त्व, ग्रीकमध्ये 'होमोऊसिओस'. पुढे काहींनी 'होमोइऊसिओस' सुचवलं, म्हणजे 'सारख्या तत्त्वाचा'. फरक एका आयोटाचा, म्हणजे ग्रीक 'इ' या अक्षराचा, भांडण पिढ्यांचं! मग ४५१ मध्ये खाल्सेदोनची परिषद: ख्रिस्त एक व्यक्ती, स्वभाव दोन, दैवी आणि मानवी. वेळ मात्र फार जातो, ग्रीक नावंही जिभेवर बसत नाहीत. तरी मी सुरुवात इथूनच करेन. विषयवार पुस्तक संदर्भाला हाताशी असू दे.